आधी फुली, मग झाकण

३ मार्च, मंगळवार

जिन्यात आज पुन्हा कचऱ्याची पिशवी. दुसऱ्या मजल्याचं वळण ही आता आमच्या इमारतीची मान्यताप्राप्त कुंडी झाली आहे. प्रत्येक जण आपला उंबरठा लख्ख पुसतो आणि तिथून सात पायऱ्या खाली गेलं की त्याचा जगाशी संबंध संपतो. पिशवीतून काहीतरी पातळ, पिवळट गळून पायरीवर आलं होतं. मी नाक दाबलं आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी दोन पायऱ्यांवरून उडी मारली.

ऑफिसात तरी काय वेगळं आहे? तिथेही हेच, फक्त उंची जास्त. आमचं केंद्र चार उपग्रह चालवतं, आणि मी तिथली सगळ्यात जुनी इंजिनिअर. सकाळी टेबलावर पहिली गोष्ट येते ती वरच्या कचऱ्याची यादी: कुठला तुकडा आमच्या कुठल्या उपग्रहाच्या किती जवळून जाणार. आजच्या यादीत एका रॉकेटचं रिकामं नळकांडं, कुणाच्या तरी कॅमेऱ्याचं झाकण, जुन्या टकरीतले एकोणीस तुकडे, आणि एक वस्तू जिच्यापुढे नुसतं ‘ओळख नाही’ लिहिलेलं. बोटभर बोल्टसुद्धा तिथे एवढ्या वेगाने फिरतो की उपग्रहाच्या आरपार जाईल. सगळ्यांनी वर नेताना हार घालून नेलं, आणि काम संपल्यावर तिथेच सोडून हात झटकले. वीस वर्षं मी लोकांनी आकाशात टाकलेली घाण वाचते आहे.

शुक्रवारी आमची म्हातारी निवृत्त होणार. चौदा वर्षं ढगांचे फोटो पाठवणारा उपग्रह. नाव मोठं आहे, पण आम्ही सगळे तिला म्हातारीच म्हणतो. तिला ढकलणाऱ्या चार नळ्यांपैकी दोन बंद पडल्यात, त्यामुळे तिला खाली आणून हवेत जाळता येत नाही. वरच राहणार, पण निदान नीट राहील. टाकीत पाव भाग इंधन दाबाखाली आहे, ते व्हॉल्व उघडून अवकाशात सोडून द्यायचं, मग बॅटरी तोडायची. टाकी भरलेली राहिली तर उन्हाने तापून, सावलीत गारठून कधीतरी फुटते आणि एका म्हातारीचे हजार तुकडे होतात. कमांडची यादी मी स्वतः लिहिली आहे. पहिल्या फेरीत व्हॉल्व, दुसऱ्या फेरीत टाकी रिकामी झाल्याची खात्री, शेवटी बॅटरी. आमच्याकडून कुणाच्या जिन्यात पिशवी जाणार नाही.

५ मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. ते व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत होते. मग तेच कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं, माझ्या फायलीला चिकटून.

उद्या पाहुणे येणार आहेत, मोठे, आणि त्यांना सकाळची पहिली, एकच फेरी थांबता येईल. फेरी म्हणजे म्हातारी आमच्या आकाशातून जाते ती बारा मिनिटं; पुढची येईपर्यंत शंभर मिनिटं जातात. साहेबांना वाटतं की पाहुण्यांनी शेवटचं बटण दाबावं आणि पडद्यावरची तिच्या सिग्नलची रेघ सगळ्यांसमोर सपाट व्हावी. फोटो त्याचा हवा.

“टाकीचं काय?” मी विचारलं.

“ती वेळ लावून ठेवा ना मॅडम. आपोआप उघडेल मागाहून. तुम्हाला काय अशक्य आहे?”

शेजारी होयबा उभा होता. हा माझा सहकारी. साहेबांचं वाक्य संपायच्या आत मान हलवायची कला त्याच्याइतकी कुणालाच साधलेली नाही. तो म्हणाला, “होईल सर, सहज होईल.”

मी वाद घालायला हवा होता. पण मला त्या कार्डापासून दूर, त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. मी “बघते” म्हणाले.

६ मार्च, शुक्रवार

केक. कंट्रोल रूममध्ये केक. वर साखरेचा उपग्रह, त्याला चांदीचे पंख. पाहुण्यांनी कापला, साहेबांनी त्यांना भरवला, त्यांनी साहेबांना भरवला, आणि मग दोघांनी त्याच बोटांनी माझा कीबोर्ड हाताळला. मी टाळ्या वाजवल्या.

फॉर्म पाहुण्यांच्या सहीसाठी आधीच भरून ठेवायचा होता. ‘टाकी रिकामी केली: होय / नाही.’ साहेब म्हणाले, आत्ता फुली मारून टाका, टाकी नंतर रिकामी होणारच आहे. मी ‘होय’च्या चौकोनात फुली मारली आणि खाली माझी सही केली. व्हॉल्वची कमांड चाळीस मिनिटांनी आपोआप सुटेल अशी भरून ठेवली; बॅटरी तुटली तरी सूर्यपंखांच्या विजेवर तेवढं होईल असा माझा हिशेब होता. पाहुण्यांनी बटण दाबलं, रेघ सपाट झाली, फोटो निघाले. एक बाई खरोखर डोळे पुसत होती. ती कुठल्या विभागाची ते मला माहीत नाही.

मी घरी येऊन तीन वेळा हात धुतले. कीबोर्डाच्या फटीत अजून क्रीम असेल.

८ मार्च, रविवार

बाबांनी गॅलरीत पुन्हा वस्तू जमवायला सुरुवात केली आहे. दोन बिजागऱ्या, एका पंख्याची मोटर, पत्र्याचा तुकडा. कुठून आणतात देव जाणे. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असतात. चाळीस वर्षं त्यांनी भंगाराचं आवार चालवलं, आणि आम्ही आवाराच्या वरच राहायचो. माझं सगळं लहानपण गंज आणि जुन्या ऑइलच्या वासात गेलं. शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचे, बाबांचा लोखंडाचा व्यवसाय आहे.

आज चहा घेताना त्यांनी विचारलं, “काय गं, झाली का तुमची म्हातारी बंद?”

“झाली.”

“आतलं काढलंत ना सगळं?”

मी हसले. आयुष्यभर त्यांनी हाच एक प्रश्न विचारला आहे. आवारात पिंप आलं की ते कापायच्या आधी झाकण उघडून दिवसभर उन्हात ठेवायचं, आतली वाफ जाऊ द्यायची. बंद पिंपाला कटर लावला की ते फुटतं. एकदा फुटलं होतंच. बाबांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्यातच गेलं. पिंप जुनं होतं, जुन्या पिंपाचा नेम नसतो, असं ते सगळ्यांना सांगत. ते तीन बोटांनी कप धरतात आणि कपाला दरवेळी ऑइलचा डाग लावतात. मी तो कप वेगळा ठेवते.

“हो बाबा, काढलं,” मी म्हणाले.

१२ मार्च, गुरुवार

माशी शिंकली.

टाकीतून इंधन सुटतं तेव्हा उपग्रहाला हलकासा धक्का बसतो. थोडासाच, पण वाट किंचित तरी सरकतेच. आज म्हातारीच्या वाटेच्या सहा दिवसांच्या रडार-नोंदी आल्या. वाट केसभरही सरकलेली नाही. मी तीनदा तपासलं.

मग जुनी हस्तपुस्तिका काढली, जी मी गेल्या शुक्रवारी उघडायला हवी होती. शेवटचं बटण नुसती बॅटरी तोडत नाही, त्याआधी सूर्यपंखही तोडतं. म्हणजे वीज संपली, मेंदू बंद. चाळीस मिनिटांनी सुटणारी कमांड ऐकायला कुणी जागंच नव्हतं. व्हॉल्व उघडलेलाच नाही, आणि आता आम्ही कितीही ओरडलो तरी तिला ऐकू जाणार नाही. पाव टाकी इंधन दाबाखाली घेऊन ती त्या गर्दीच्या वाटेवर फिरते आहे. आणि कागदावर माझी फुली आहे.

साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मला तेच जास्त भयंकर वाटलं. मग म्हणाले, “वर जाऊन कोण बघणार आहे, मॅडम?”

अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं मी याच वाक्याची घाण उपसते आहे, आणि ते माझ्याच ऑफिसात, माझ्याच फायलीसमोर बसून बोललं जात होतं.

मी काय बोलले? मी म्हणाले, “विचार करायला हवा.” आणि बाहेर येऊन हात धुतले.

१८ मार्च, बुधवार

आम्हाला ‘स्वच्छ कक्षा’ सन्मानपत्र मिळालं. उपग्रह जबाबदारीने निवृत्त केल्याबद्दल. सोनेरी चौकट, रिसेप्शनच्या भिंतीवर, कुंडीच्या बरोबर वर. होयबाने स्टुलावर चढून खिळा ठोकला आणि विचारलं, “सरळ आहे ना?”

मी मान हलवली. म्हणे आमच्या उदाहरणावर इतर केंद्रांत व्याख्यान द्यायचं आहे. देईन. माझ्यावर आता कुठलीही लाज लादली तरी मी मूग गिळून बसेन असं साहेबांना कळून चुकलं आहे.

२५ मार्च, बुधवार

आता नवीनच. वरचा कचरा उचलणारं एक यान काही महिन्यांपासून काम करतंय. चार नख्यांचा हात आहे, म्हणून मी त्याला खेकडा म्हणते. मेलेल्या उपग्रहाजवळ जायचं, त्याला पकडायचं, ओढत खाली आणायचं आणि दोघांनी मिळून हवेत जळायचं, अशी त्याची कल्पना. म्हणजे प्रत्येक वेळी नवा खेकडा लागतो. या घाणेरड्या जगात कुणाला तरी झाडू हातात घ्यावासा वाटला, मला खरंच बरं वाटलं होतं.

पुढच्या खेकड्याने कुणाला उचलायचं त्याची यादी आज आली. पहिलं नाव म्हातारीचं.

कारण दिलंय: ‘टाकी रिकामी असल्याची खात्रीशीर नोंद. पकडण्यास सर्वांत सुरक्षित.’

२ एप्रिल, गुरुवार

खेकड्याच्या केंद्रातून एका बाईचा फोन आला. आवाज माझ्याच वयाचा, घसा बसलेला, मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. खेकड्याचा हात तीच चालवते. तिने आधी दोन मिनिटं माझं कौतुक केलं. तुमच्यासारख्या नोंदी सगळ्यांनी ठेवल्या तर आमचं काम अर्धं होईल, म्हणाली. मला कान धुवावेसे वाटले.

मग तिने पकडायची पद्धत सांगितली. म्हातारीच्या टाकीभोवती एक जाड कडं आहे. नख्या त्यात अडकवून आवळायच्या, आणि पकड सुटू नये म्हणून कड्याशेजारी टाकीच्या पत्र्यात एक खिळा मारायचा.

“टाकीतच?” मी विचारलं.

“रिकामी आहे ना. पत्रा सगळ्यात जाड तिथेच आहे.”

दाबाखालच्या टाकीत खिळा. त्याच वाटेवरून आमचे दोन उपग्रह जातात, आणि इतरांचे किती तरी. एका फटक्यात हजार तुकडे, आणि त्यातला एकेक तुकडा शंभर-दीडशे वर्षं तिथेच. त्यानंतर त्या वाटेवर कुणी काही पाठवू शकणार नाही. आणि हे सगळं साफसफाई करताना.

“चौदा तारखेला पकडू,” ती म्हणाली. “दहा तारखेला दुपारी बारापर्यंत तुमचं शेवटचं लेखी उत्तर लागेल. औपचारिकता आहे.”

“फॉर्ममध्ये आहे तेच,” मी म्हणाले.

हे मी म्हणाले. कुणीही माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती.

४ एप्रिल, शनिवार

साहेबांचं म्हणणं असं: आपण म्हणालो की टाकी भरलेली आहे, तर सन्मानपत्र परत, चौकशी, आणि सही तुमची, मॅडम. आपण गप्प राहिलो आणि टाकी फुटली, तर पकड त्यांची, खिळा त्यांचा. कुणाला कळणार? हे सांगताना ते संत्रं सोलत होते. बिया मुठीत थुंकून त्यांनी माझ्या टेबलावरच्या कुंडीत टाकल्या.

किळस या माणसाची येते, आणि त्याहून जास्त या गोष्टीची की त्याचा हिशेब बरोबर आहे.

दुपारी डोकं हलकं करायला गॅलरी साफ करायला घेतली. बाबांच्या बिजागऱ्या कागदात गुंडाळल्या. हाताला काळं, चिकट लागलं, आणि एकदम आवार आठवलं. मी सात-आठ वर्षांची असताना मला तिथे एक काम होतं. बाबा सकाळी भंगाराच्या फेरीला जाण्याआधी सांगून जायचे: पिंपांची झाकणं उघड, आणि उघडलेल्या पिंपावर खडूने फुली मार. दुसऱ्या दिवशी फुली असलेली पिंपं ते कापायला घेत. फुली दिसली की ते झाकणाला हात लावून बघायचे नाहीत, इतका त्यांचा माझ्यावर भरवसा.

मला त्या झाकणांची शिसारी यायची. वंगणाने बरबटलेली, फिरवताना नखांत काळं जायचं आणि शाळेत मुली हात बघायच्या. मग मी एक युक्ती काढली. आधी सगळ्या पिंपांवर एका दमात फुल्या मारायच्या, म्हणजे कोरडं काम पटकन उरकतं, आणि झाकणं मग सावकाश, जमेल तशी. हुशार होते मी तेव्हाही. काम वाटून घ्यायची ही अक्कल मला पुढे इंजिनिअरिंगला फार उपयोगी पडली.

७ एप्रिल, मंगळवार

खेकडेवाल्या बाईचा पुन्हा फोन. औपचारिकतेआधी एकदा बोलून घेते, म्हणाली. मला वाटलं, फॉर्मबद्दल विचारेल. तिने फॉर्मचं नावसुद्धा काढलं नाही.

“व्हॉल्व उघडला तेव्हा आकडा खाली जाताना कुणी पाहिला?”

“म्हणजे?”

“म्हणजे डोळ्यांनी. फुली कुणी मारली ते मी विचारत नाही. झाकण कुणी उघडलं ते विचारते. आमच्याकडे तोच नियम आहे. एकदा फार वाईट पोळलो आहोत.”

मी म्हणाले, नोंदी बघून कळवते. फोन ठेवला. होयबा बघत होता. मी उठून बेसिनपाशी गेले, पण नळ सोडलाच नाही, नुसती उभी राहिले.

झाकण कुणी उघडलं, हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. बाबांनीसुद्धा नाही. ते पिंप फुटलं तेव्हाही नाही.

८ एप्रिल, बुधवार

पिंप फुटलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. शनिवारी लिहिलेलं पान पुन्हा वाचलं. ‘हुशार होते मी तेव्हाही.’

आज ऑफिसात काही सुचलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. जिन्यात पिशवी होतीच. मी तिच्यावरून उडी मारली नाही, कशी कोण जाणे, बाजूने गेले.

बाबा स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. तीन बोटांत शेंग धरायची, अंगठ्याने उसवायची. मी समोर बसले. हात न धुता बसले, हे त्यांच्याही लक्षात आलं.

“बरं नाही का?”

“बाबा, ते पिंप फुटलं ना, त्याच्यावर फुली होती?”

त्यांनी मान वर केली नाही. एक शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले.

“होती.”

“आणि झाकण?”

“झाकण बंद होतं.”

मी विचारलं, “मग सगळ्यांना पिंप जुनं होतं असं का सांगत आलात?”

“जुनं होतंच की.” मग म्हणाले, “पिंपाच्या पत्र्याचा तुकडा तिथेच पडला होता, फुलीची बाजू वर. माणसं जमायला लागली होती. डाव्या हाताने पुसून टाकली मी. तुझी आई रडत होती, दवाखान्यात चला म्हणून ओढत होती. मी म्हटलं, थांब गं जरा.”

एकोणचाळीस वर्षं मी त्या हाताचा कप वेगळा ठेवला. त्या हाताला लागलेल्या वासाची मला लाज वाटत आली. आणि सगळ्यात घाण गोष्ट त्या आवारात माझ्या खडूची होती, पांढरी, कोरडी, स्वच्छ.

“मला तरी सांगायचं,” मी म्हणाले.

“काय सांगणार होतो? तू आठ वर्षांची होतीस.” त्यांनी पुढची शेंग उचलली. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. हे का विचारते आहे, कुठल्या टाकीसाठी विचारते आहे, ते त्यांना कळलं होतं असं मला वाटत नाही. कदाचित कळलंही असेल. भंगारात आयुष्य गेलेल्या माणसाला बंद भांडं ओळखू येतं.

“आता किती वर्षांची आहेस?” त्यांनी विचारलं.

“सत्तेचाळीस,” मी म्हणाले.

त्यांनी अर्धे मटार माझ्याकडे सरकवले.

१० एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी उत्तर टाइप करून टेबलावर ठेवलं होतं. तीन ओळी. ‘पूर्वी कळवल्याप्रमाणे टाकी रिकामी आहे.’ खाली माझं नाव, सहीपुरती जागा सोडलेली. कागदाच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता. मी तो ठसा बराच वेळ बघितला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

सव्वाअकराला मी फोन उचलला. होयबाने माझ्याकडे पाहिलं, साहेबांच्या केबिनकडे पाहिलं, आणि उठून दार लावलं. साहेबांना बाहेर ठेवायला की मला आत, ते कळलं नाही. पण तो दाराला पाठ लावून उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची मान हलत नव्हती.

“बोला,” खेकडेवाली बाई म्हणाली. तिच्यामागे आज खुर्च्यांचा आवाज नव्हता.

“म्हातारीला हात लावू नका,” मी म्हणाले. तिला म्हातारी कोण ते माहीत नव्हतं, म्हणून मी नाव सांगितलं, क्रमांक सांगितला. “टाकी भरलेली आहे. पाव भाग, पूर्ण दाबाखाली. व्हॉल्व उघडलाच नाही.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. “फॉर्मवर होय आहे.”

“ती फुली मी मारली. आधी मारली.”

मला वाटलं ती चिडेल. चिडायला हवं होतं. ती फक्त म्हणाली, “थांबा, पेन घेते,” आणि मग, “हं. अगदी पहिल्यापासून सांगा. झाकण उघडायचं काम कुणाचं होतं?”

“माझं,” मी म्हणाले, आणि तिथून सांगायला सुरुवात केली.